टंकलेखनाची गती : मापन आणि साधना

कळफलकाकडे दृष्टिक्षेपही न टाकता, समोरच्या मसुद्यावर नजर खिळवून, एखादा मुरलेला टंकलेखक मिनिटाला साठ शब्दांच्या वेगाने पानामागून पान उतरवीत असतो, तेव्हा पाहणाऱ्यास त्याचे कौतुक वाटते. परंतु त्या कौतुकाच्या पोटात एक खरेखुरे कोडे आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ते कोडे साध्या अंकगणिताने मांडता येते. मिनिटाला साठ शब्द म्हणजे सुमारे तीनशे वेळा कळ दाबणे, अर्थात सेकंदाला पाच वेळा. म्हणजे एका कळेच्या वाट्यास सेकंदाचा अवघा पाचवा हिस्सा येतो. आता एखाद्या मनुष्यासमोर अकस्मात दिवा लावला आणि तो दिसताक्षणी बटण दाबावयास सांगितले, तर एवढ्या एकाच कृतीला त्यास जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. आणि अनेक दिव्यांपैकी कोणता लागला हे ओळखून त्याचेच बटण दाबावयाचे असेल, तर हा अवधी पुष्कळच वाढतो. मग प्रत्येक अक्षर पाहावयाचे, ओळखावयाचे, त्याची कळ आठवावयाची आणि योग्य बोट तेथे नेऊन दाबावयाचे, हा सारा व्यवहार पाचव्या हिश्शात उरकतो तरी कसा?

या प्रश्नाची उकल झाली की गती आणि अचूकता वाढविण्याचा मार्गही स्पष्ट होऊ लागतो. मात्र जे वाढवावयाचे त्याचे माप आधी हाती असले पाहिजे. म्हणून आरंभ मापनापासूनच करू.

शब्द म्हणजे पाच ठोके

'तो' हाही शब्द आणि 'विश्वविद्यालय' हाही शब्द. तेव्हा दिसणारे शब्द मोजून दोन टंकलेखकांची तुलना केली, तर ज्याच्या वाट्यास सोपा उतारा आला तो विनाकारण श्रेष्ठ ठरेल. हा अन्याय टाळण्यासाठी टंकलेखनाच्या व्यवहारात एक ठराविक 'प्रमाण शब्द' मानलेला आहे. एक कळ एकदा दाबणे म्हणजे एक ठोका, आणि असे पाच ठोके म्हणजे एक शब्द. दोन शब्दांमधील मोकळी जागा हादेखील एक ठोकाच होय. केंद्र सरकारच्या कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांत मिनिटाला ३५ इंग्रजी शब्दांची गती म्हणजे तासाला १०,५०० ठोके आणि ३० हिंदी शब्दांची गती म्हणजे तासाला ९,००० ठोके, असे जे कोष्टक दिलेले असते, ते याच पाच ठोक्यांच्या हिशेबाने आलेले आहे.

एकूण ठोक्यांना पाचाने भागून आलेल्या संख्येस पुन्हा मिनिटांनी भागले, की 'ढोबळ गती' मिळते. दहा मिनिटांत २,००० ठोके झाले, तर ४०० शब्द झाले आणि ढोबळ गती मिनिटाला ४० शब्द ठरली. परंतु या कागदावर वीस चुका राहिल्या असतील, तर हे चारशे शब्द पुरतेपणी हिशेबात धरणे न्याय्य नव्हे. म्हणून प्रत्येक शिल्लक चुकीमागे एक शब्द वजा करण्याची पद्धत आहे; तसे केल्यास ३८० शब्द उरतात आणि 'निव्वळ गती' ३८ वर येते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत गाजलेल्या टंकलेखनस्पर्धांमध्ये तर हा दंड एका चुकीमागे दहा शब्द इतका कडक असे. अशा कडक नियमाखाली १९२३ साली आल्बर्ट टँगोरा यांनी साध्या, विजेवर न चालणाऱ्या अंडरवुड यंत्रावर पूर्ण एक तास मिनिटाला १४७ शब्दांची गती राखली. १९४६ साली स्टेला पाजुनास या महिलेने विजेवरील यंत्रावर मिनिटाला २१६ शब्दांचा उच्चांक नोंदविला, पण तो एका मिनिटापुरता होता. एका मिनिटाची धाव आणि तासाभराची चाल या दोन भिन्न गोष्टी आहेत. म्हणून गती सांगताना ती किती वेळ टिकविली, हे सांगणे अगत्याचे आहे.

चुकांचा हिशेब

गतीचा आकडा जो तो अभिमानाने सांगतो. अचूकतेचा आकडा मात्र पुष्कळांना ठाऊकही नसतो. वरच्या उदाहरणात दोन हजार ठोक्यांत वीस चुका होत्या, म्हणजे अचूकता शेकडा ९९ भरली. हा आकडा ऐकावयास उत्तम वाटतो. परंतु दोन हजार ठोके म्हणजे साधारण एक पान, आणि एका पानात वीस चुका असलेला अर्ज अथवा खरेदीखत कोणतीही कचेरी दाखल करून घेणार नाही. शेकड्यात नगण्य वाटणारा एकाचा फरक कागदावर असा ठळकपणे उमटतो.

संगणकावर चूक तत्काळ खोडता येते, त्यामुळे अंतिम कागद स्वच्छ दिसतो आणि चुकीची किंमत लपून राहते. प्रत्यक्षात एक चूक सुधारावयाची तर ती लक्षात येण्यासाठी थबकावे लागते, खोडण्याचा एक ठोका खर्ची पडतो आणि योग्य अक्षराचा आणखी एक. शंभर अक्षरांत पाच चुका झाल्या आणि त्या लगोलग सुधारल्या, तर दहा ठोके जादा पडले, आणि पाच वेळा लय मोडली ती निराळीच. हा गुप्त खर्च उघडकीस आणण्याचा उपाय सोपा आहे: एकूण दाबलेल्या कळांना अंतिम मजकुरातील अक्षरांनी भागावे. दोन हजार अक्षरांच्या मजकुरासाठी २,३०० ठोके पडले असतील, तर भागाकार १.१५ येतो, म्हणजे दर शंभर अक्षरांमागे पंधरा ठोके वाया गेले. तेव्हा प्रामाणिक मापनात तीन आकडे हवेत: निव्वळ गती, शिल्लक चुकांचे प्रमाण आणि हा ठोक्यांचा खर्च. तिन्ही आकडे निदान पाच मिनिटांच्या, पूर्वी न वाचलेल्या उताऱ्यावर घ्यावेत, आणि एखाद्या दिवसाच्या उच्चांकावर विसंबण्याऐवजी अनेक दिवसांची सरासरी पाहावी.

बोटांना हुकूम कोण देतो?

आता मूळ कोड्याकडे वळू. प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे ओळखून त्याची कळ दाबली जाते, हे आपले गृहीतच मुळात चुकीचे आहे. टंकलेखकाच्या मनातील व्यवस्था जुन्या काळच्या मामलेदार कचेरीसारखी असते. मामलेदार फक्त हुकूम सोडतो. त्या हुकमाचा कागद कोणत्या बोरूने, कोणत्या वळणाने लिहावयाचा, हे कारकून पाहतो, आणि कारकुनाचा हात कसा चालतो याची मामलेदारास दखलही नसते. त्याचप्रमाणे मनाचा वरचा थर केवळ शब्दाचा हुकूम देतो, आणि त्या शब्दातील अक्षरे क्रमाने कळांवर उतरविण्याचे काम खालचा थर परस्पर उरकतो.

ही केवळ कल्पना नव्हे. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात गॉर्डन लोगन आणि मॅथ्यू क्रम्प यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, सराईत टंकलेखकांचे शब्द पडद्यावर उमटत असताना संगणकाने गुपचूप ढवळाढवळ केली: काही ठिकाणी बिनचूक शब्दात चूक घुसविली, तर काही ठिकाणी झालेली चूक परस्पर दुरुस्त केली. टंकलेखकांना विचारता, पडद्यावर दिसलेल्या चुका त्यांनी आपल्या म्हणून पत्करल्या आणि न दिसलेल्या चुका झाल्याच नाहीत असे मानले. त्यांची बोटे मात्र फसली नाहीत. खरी चूक झाली तेथेच ती क्षणभर मंदावली, मग पडदा काहीही दाखवो. याचा अर्थ मामलेदार कागद पाहून निकाल देतो, आणि कारकून आपल्या हाताचा हिशेब स्वतंत्रपणे ठेवतो.

त्याच विद्यापीठातील २०१३ सालच्या एका अभ्यासात, मिनिटाला सरासरी ७२ शब्दांची गती असलेल्या व्यक्तींना कोरा कळफलक देऊन त्यावर अक्षरे भरावयास सांगितले असता, सव्वीसपैकी सरासरी पंधराच अक्षरे त्यांना योग्य जागी भरता आली. बोटे जी कळ क्षणार्धात गाठतात, ती कोठे आहे हे मनाला सांगता येत नाही. उलट वरच्या थराने खालच्याच्या कामात हात घातला तर काम बिघडते: सराईत टंकलेखकांना 'फक्त एकाच हाताची अक्षरे टंकित करा' असे सांगितल्यावर त्यांची गती लक्षणीय घसरली, कारण कोणते अक्षर कोणत्या हाताचे, ही माहिती वरच्या थराकडे नसते.

पुढे गेलेली नजर, एकमेकींत मिसळलेल्या हालचाली

कोड्याचा उरलेला भाग दोन गोष्टींनी सुटतो. पहिली म्हणजे, टंकलेखकाची नजर त्याच्या बोटांच्या पुढे असते. प्रयोगांत हे अंतर सामान्यतः तीन ते आठ अक्षरांचे आढळले आहे. मजकुराचे पुढचे एकच अक्षर दिसेल अशी व्यवस्था केली, तर सराईत टंकलेखकाचीही गती कोसळते. शब्दांचा क्रम उलटसुलट करून अर्थ नाहीसा केला तरी गतीत फारसा फरक पडत नाही. पण शब्दांतील अक्षरेच विस्कटून टाकली, की वेग झपाट्याने उतरतो. टंकलेखनाचे एकक अक्षरही नव्हे आणि वाक्यही नव्हे, ते शब्द आहे, हा यातून निघणारा निष्कर्ष कचेरीच्या व्यवस्थेशी तंतोतंत जुळतो.

दुसरी गोष्ट अशी की, बोटांच्या हालचाली एकामागून एक होत नसून एकाच वेळी अनेक चाललेल्या असतात. एक बोट कळ दाबीत असताना दुसरे आपल्या कळेकडे निघालेले असते. फिनलंडमधील आल्टो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १ लाख ६८ हजार स्वयंसेवकांचे सुमारे १३ कोटी ६० लाख ठोके तपासले गेले. त्यात सरासरी गती मिनिटाला ५२ शब्दांच्या आसपास आढळली. आणि वेगवान लोक पहिली कळ सुटण्यापूर्वीच पुढची कळ दाबतात, तसेच चुकाही इतरांपेक्षा कमी करतात, असे दिसून आले. वेग आणि अचूकता यांचे वैर असते ही समजूत एकाच मनुष्याने घाई केली त्या प्रसंगापुरती खरी आहे. कौशल्य वाढते तसे ही दोन्ही बरोबरीने वाढतात.

या मिसळलेल्या हालचालींतूनच चुकांचे एक वैशिष्ट्यपूर्ण रूप जन्मास येते. दोन हातांनी लागोपाठ दाबावयाच्या कळांपैकी दुसरी किंचित आधी दबली, तर अक्षरांची अदलाबदल होते. शेजारच्या कळेवर बोट पडणे ही नेमाची चूक. अदलाबदल ही वेळेची चूक. दोहोंवरचे उपाय निरनिराळे आहेत, हे पुढे येईल.

मराठी अक्षर आणि दोन हातांची फेरपाळी

मराठीच्या बाबतीत हा विचार अधिकच फलद्रूप होतो. भारत सरकारने प्रमाण म्हणून स्वीकारलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकात स्वर व त्यांची चिन्हे डाव्या हाताकडे आणि बहुतांश व्यंजने उजव्या हाताकडे ठेवलेली आहेत. म, न, व यांसारखी काही व्यंजने तेवढी डावीकडे येतात. व्यंजनामागून स्वर हा आपल्या लिपीचा स्वभाव असल्यामुळे हातांची फेरपाळी आपोआप साधते. 'पाटील' हा शब्द टंकित करताना उजवा, डावा, उजवा, डावा, उजवा असा क्रम लागतो. 'स्त्री' हे डोळ्यांना एकच दिसणारे जोडाक्षर म्हणजे स, पाय मोडण्याचे चिन्ह, त, पुन्हा तेच चिन्ह, र आणि दीर्घ वेलांटी असे सहा ठोके. पण तेही उजव्या-डाव्या हातांत आळीपाळीने इतके समान वाटले गेले आहेत की, एक हात दाबीत असताना दुसऱ्यास पुढची तयारी करण्यास पूर्ण अवकाश मिळतो. अक्षराचा पाय मोडण्याची कळ डाव्या मधल्या बोटाच्या मूळ जागेखालीच आहे, हीदेखील जोडाक्षरांनी भरलेल्या भाषेसाठी मोठी सोय होय.

मात्र वेळेची चूक येथे अधिक जाचक ठरते. 'चक्र' लिहिताना पाय मोडण्याचे चिन्ह आणि र यांची अदलाबदल झाली, तर 'चकर्' असा भलताच आकार उमटतो. शिवाय ठोक्यांची संख्या आपल्या अपेक्षेपेक्षा मोठी असते. 'विद्यार्थ्यांना' हा दिसावयास एक शब्द. पण त्यात पंधरा ठोके आहेत, आणि पुढील मोकळी जागा धरता सोळा, म्हणजे तीनपेक्षा अधिक प्रमाण शब्द. महाराष्ट्र शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीची अर्हता मिनिटाला ३० आणि इंग्रजीची ४० शब्दांची आहे. जोडाक्षरे, मात्रा आणि शिफ्ट कळेचा वारंवार उपयोग ध्यानात घेता या तफावतीचे आश्चर्य वाटू नये. जुन्या यंत्रांवरून आलेल्या रेमिंग्टन पद्धतीत अक्षरे जशी दिसतात त्या क्रमाने लिहिली जातात, म्हणजे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येते. इन्स्क्रिप्टमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने, व्यंजनानंतर येते. दोन्ही पद्धतींत निष्णात लोक आहेत, परंतु दोन्ही एकदम शिकू पाहणारा नवखा मनुष्य आपल्या बोटांना परस्परविरोधी हुकूम देत राहतो. नव्याने आरंभ करणाऱ्याने एकच पद्धत निवडावी, आणि ती इन्स्क्रिप्ट असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

गती कशी वाढवावी?

न पाहता टंकलेखन करण्याची थोरवी जगास प्रथम पटली ती २५ जुलै १८८८ रोजी, जेव्हा न्यायालयात लघुलेखकाचे काम करणाऱ्या फ्रँक मॅकगरिन यांनी कळफलक पाठ करून, अमेरिकेतील सिनसिनाटी येथील जाहीर स्पर्धेत प्रतिस्पर्ध्यास निर्विवाद मागे टाकले. त्यांच्या विजयाचे मर्म आपण आता ओळखू शकतो: नजर कळफलकातून मोकळी झाली म्हणूनच ती मजकुरात पुढे जाऊ शकली. त्यामुळे पहिला नियम हा की, एफ आणि जे या कळांवरील उंचवटे बोटांनी चाचपून हात मूळ जागी ठेवावेत आणि आरंभी कितीही मंद चालले तरी खाली पाहू नये. आल्टो विद्यापीठाच्याच २०१६ सालच्या एका अभ्यासात, स्वतःच्या पद्धतीने शिकलेले काही लोक दहा बोटे न वापरताही शिक्षितांइतकेच वेगवान आढळले. परंतु ते एका कळेसाठी नेहमी एकच बोट वापरीत आणि हात फारसा हलवीत नसत. बोटांची संख्या दुय्यम, नियमितपणा मुख्य.

दुसरा नियम, वेग चुकांच्या हुकमतीत ठेवावा. शंभर ठोक्यांत एकाहून अधिक चुका होऊ लागल्या, की गती उतरवावी. खालचा थर जे पुन्हा पुन्हा करतो तेच शिकतो. चूक वारंवार झाली तर तीही तितक्याच निष्ठेने मुरते. तिसरा नियम, चुकांची नोंदवही ठेवावी आणि तिच्यात प्रकार लिहावा. शेजारची कळ दबत असेल, तर त्या बोटाची मूळ जागेवरून जाण्यायेण्याची हालचाल सावकाश घोटावी. अदलाबदल होत असेल, तर ज्या शब्दांत ती अक्षरे लागोपाठ येतात, ते संपूर्ण शब्द समान लयीत उतरवावेत. सुटे अक्षर शंभर वेळा गिरविण्याने दोन अक्षरांमधील संक्रमण सुधारत नाही, आणि गती ही संक्रमणातच असते.

चौथा नियम वेळेच्या वाटणीचा. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या ॲलन बॅडली आणि लाँगमन यांच्या अभ्यासात ब्रिटिश टपाल खात्यातील कर्मचाऱ्यांना निरनिराळ्या वेळापत्रकांनी कळफलक शिकविण्यात आला. दिवसाला एकच तास शिकलेल्या तुकडीस कळफलक आत्मसात करण्यास एकूण तास सर्वांत कमी लागले; दिवसातून दोनदा दोन-दोन तास बसलेल्या तुकडीस सर्वांत अधिक. तरीही दिवस अधिक लागल्यामुळे एका तासाची तुकडीच सर्वांत असमाधानी होती! आपल्याला वाटणारी प्रगती आणि खरी प्रगती यांत केवढे अंतर असू शकते, याचा हा बोलका पुरावा आहे, आणि म्हणूनच मापनाची वही हवी.

पाचवा नियम कुंठित अवस्थेचा. काही आठवडे वाढत गेलेली गती एका आकड्यावर येऊन थांबते आणि उमेद खचते. विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारायंत्र शिकणाऱ्यांत ही अवस्था टिपली, आणि तिचे कारण असे मांडले की, सुट्या अक्षरांची सवय पक्की होऊन शब्दांची सवय जडेपर्यंत प्रगती बाहेरून दिसत नाही. अशा वेळी दररोज थोडा वेळ, आपल्या सोयीच्या गतीहून दहा-पंधरा टक्के अधिक वेगाने जाणीवपूर्वक लिहावे. कोणत्या जागी घसरण होते ते त्या ताणाखाली उघडे पडते. मग पुन्हा सावकाश येऊन नेमकी तीच जागा सुधारावी. मनगट दुखू लागल्यास मात्र ताबडतोब थांबावे. मनगट सरळ आणि कोपर कळफलकाच्या पातळीस ठेवणे हा सरावाचाच भाग आहे.

सारांश

- पाच ठोके म्हणजे एक शब्द. निव्वळ गती म्हणजे ढोबळ शब्दांतून शिल्लक चुका वजा करून मिनिटांनी भागणे.
- गतीबरोबर शिल्लक चुका आणि दर अक्षरामागे पडलेले ठोकेही नोंदवावेत.
- मन शब्दाचा हुकूम देते, बोटे अक्षरांचा क्रम सांभाळतात. नजर बोटांच्या पुढे असावी.
- एका कळेला एकच बोट. खाली पाहू नये.
- शंभरात एकाहून अधिक चुका झाल्यास वेग उतरवावा.
- दररोज थोडा सराव, आठवड्यातून एकदा मापन.

हे कौशल्य कोणा निवडक लोकांच्या बोटांत जन्मजात असते, असे मानण्यास वर सांगितलेल्या प्रयोगांत काहीही आधार नाही. परीक्षेच्या तयारीतील विद्यार्थ्याने, कचेरीतील कर्मचाऱ्याने आणि मराठीत लिहू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने आजच पाच मिनिटांचा एक उतारा घ्यावा, वरील तीन आकडे वहीत लिहून ठेवावेत आणि पुढील तीन महिने दररोज अर्धा तास सराव करावा. कोणता उपाय आपल्याला लागू पडतो, याचा निर्णय ती वहीच देईल.